यंत्र आजीच्या हाताशी ठेव

अंबाजोगाई

चि. ताई,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो, धड बोलणं झालं नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या तिसरीच्या वर्गातलं ते लेकरू तेव्हापासून डोळ्यांसमोरून हलत नाही. जागेवर पाच मिनिटं टिकत नाही, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतं, रोज पेन्सिल नाहीतर वही हरवून येतं. आईबाप दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेले, ते पाडव्याच्या सुमाराला परततील. तोवर सांभाळायला सत्तरीची आजी. तू विचारलंस, "मामा, एडीएचडीच्या मुलांसाठी चांगलं अ‍ॅप कोणतं? शाळेच्या टॅबवर टाकते." अ‍ॅपचं पुढे सांगतो. आधी आजीचं बोलू.

मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. असाच एक मुलगा माझ्या वर्गात होता. तेव्हा एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, हा शब्द माझ्या कानावर आलेला नव्हता. मी त्याला 'वांड' म्हणायचो आणि वर्ग शांत राहावा म्हणून दाराबाहेर बसवायचो. वर्ष सरता सरता त्याचं बसणंच दाराबाहेर झालं. पाचवीत तो आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेला, तो शाळेत परत आला नाही. ती चूक माझी होती आणि ती मी आजही विसरलेलो नाही. तुझ्याजवळ आज तो शब्द आहे, फोन आहे आणि तुझ्या धारूरहून तासा-दीड तासावर मोठं सरकारी रुग्णालय आहे. म्हणून तुझ्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

सर्वांत आधी जूनपासूनचं आठव. आई घरी होती तेव्हाही लेकरू असंच होतं का, की टोळी गेल्यापासून बिनसलं? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न पहिला विचारावा लागतो. आई दूर गेलेलं मूलही चुळबुळ करतं, रात्री नीट झोपत नाही, वर्गात शून्यात बघत बसतं. ते दुःख आहे, त्याला आजाराचं नाव देऊ नये. डॉक्टर एडीएचडी म्हणतात तेव्हा लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात. कानाने कमी ऐकू येणारं किंवा फळा न दिसणारं मूलही लक्ष न देणारं वाटतं, तेही तपासावं लागतं. निदान तू करायचं नाहीस आणि मीही करायचं नाही. पण डॉक्टरला लागणारी माहिती तुझ्याइतकी कुणाकडेच नाही.

इथे फोनचा पहिला खरा उपयोग आहे. शाळा सुटल्यावर रोज दोन वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेव: आज किती वेळ बसला, कशात रमला, कशावरून बिनसलं. आठवड्यातून एकदा आजीच्या ओट्यावर बस आणि तिचंही बोलणं तिला विचारून रेकॉर्ड कर. तिला लिहिता येत नाही, पण लेकरू पहाटे किती वाजता उठतं, जेवताना किती वेळा उठून पळतं हे तिच्याइतकं कोण सांगणार? महिन्याभराचा असा ऐवज घेऊन गेलीस तर डॉक्टरांच्या दहा मिनिटांचं सोनं होतं. कारण नव्या जागी, नव्या माणसासमोर ही मुलं कधी कधी अगदी शहाण्यासारखी बसतात आणि डॉक्टरला काहीच दिसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. 2013 साली सुरू झालेल्या या योजनेत ज्या दोषांची तपासणी करायची, त्यांत एडीएचडीचंही नाव आहे. पथक आलं की नुसतं वजन-उंची करून पुढे जाऊ देऊ नकोस, त्या लेकराचं नाव घे आणि हे रेकॉर्डिंग ऐकव. एक मात्र सांभाळ. लेकरू रडतंय, आदळआपट करतंय, त्याचा व्हिडिओ काढून शिक्षकांच्या गटात टाकायचा नाही. ती त्याची अब्रू आहे.

आता लोक तुला म्हणतील, "मोबाईलवर तर दोन-दोन तास हलत नाही, मग याला कसला आजार?" मलाही हे बरीच वर्षं कोडं होतं. उत्तर असं आहे. या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही, ते त्यांना हवं तिथे वळवता येत नाही. गेममध्ये दर दोन-चार सेकंदांनी काहीतरी चमकतं, वाजतं, गुण मिळतात, म्हणजे बक्षीस हातोहात. पाढ्यांचं बक्षीस वार्षिक परीक्षेत मिळतं, तेवढी वाट बघायची ताकद त्या मेंदूत उशिरा येते. म्हणून फोन हातात दिला की लेकरू शांत होतं, आणि काढून घेतला की घर डोक्यावर घेतं. आजी दमलेली असते, ती पुन्हा फोन देते. तिला दोष देऊ नकोस. दिवसभर धावणाऱ्या लेकरामागे सत्तरीच्या गुडघ्यांनी किती धावायचं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, ताई: यंत्र लेकराच्या हातात कमी आणि सांभाळणाऱ्याच्या हाताशी जास्त असावं. त्याने आजीचं ओझं हलकं झालं पाहिजे.

ते कसं, तर बघ. या मुलांना वेळेचा अंदाज नसतो आणि एका दमात दिलेल्या तीन सूचनांतली पहिलीच डोक्यात राहते. "उठ, दात घास, आंघोळ कर, दप्तर भर" एवढं ऐकून लेकरू दात घासायला जातं आणि कोंबडीच्या मागे लागतं. मग आजी ओरडते, सकाळ भांडणात जाते. त्याच्या आईला सांग, रात्री फडावरच्या कोपीत निजायच्या आधी चार छोटे निरोप बोलून पाठव. एकात 'उठ रे राजा', दुसऱ्यात आंघोळ, तिसऱ्यात दप्तर, चौथ्यात शाळा. प्रत्येकात एकच काम. तुझा जुना स्मार्टफोन पडून आहे ना? त्यात चार वेळांचे गजर लाव आणि गजराच्या जागी आईचे हे चार आवाज बसव. फोन आजीच्या फळीवर, लेकराचा हात पोचणार नाही असा ठेव. आजीला सूचना देत बसावं लागणार नाही, आणि सहा महिने दूर असलेली आई रोज सकाळी घरात बोलेल. त्यासाठी कुठलंच नवं अ‍ॅप लागत नाही.

त्याच फोनवर त्याच्याच वस्तूंचे फोटो काढ: त्याचा तांब्या, त्याचं दप्तर, त्याची चप्पल. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात ते छापून घे आणि कामाच्या क्रमाने भिंतीला चिकटव. एक काम झालं की त्याने त्यावर खडूची खूण करायची. पुस्तकातल्या परक्या चित्रांपेक्षा स्वतःचा तांब्या त्याला लवकर ओळखू येतो.

वर्गात दहा मिनिटांचा टायमर लाव. दहा मिनिटं गणित, मग तो उठून तुझ्यासाठी माठातलं पाणी आणेल, फळा पुसेल, वह्या वाटेल, आणि पुन्हा दहा मिनिटं. किती वेळ उरला हे डोळ्यांना दिसेल असा टायमर असला तर उत्तम. वाळूचं घड्याळ मिळालं तर फोनचीही गरज नाही. त्याला पुढच्या बाकावर, खिडकीपासून दूर बसव.

आणि शनिवारी त्याच्या आईला एक निरोप पाठव. त्यात त्या आठवड्यात त्याने केलेली एकच चांगली गोष्ट सांग, तक्रार नको. ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून रात्री ती फोन उघडते तेव्हा शाळेचा निरोप म्हणजे तक्रारच, अशी आपल्याकडच्या आयांची समजूत झालेली आहे. ती तू मोड.

आता अ‍ॅप. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून 2020 मध्ये आठ ते बारा वर्षांच्या एडीएचडीच्या मुलांसाठी 'एंडेव्हरआरएक्स' नावाच्या एका व्हिडिओ गेमला मान्यता दिली. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचा होता. पण मान्यता देतानाच त्यांनी सांगितलं, की हा गेम उपचारांचा एक भाग म्हणून वापरावा. सोबत डॉक्टरांचं मार्गदर्शन, औषधं, शिक्षण हे असू शकतं. ज्या एका गेमला एवढ्या तपासणीनंतर मान्यता मिळाली त्याची मर्यादा ही. मग 'मेंदूची ताकद वाढवा' म्हणून जाहिरात करणाऱ्या फुकट गेमवर कशाला विश्वास ठेवतेस? शाळेच्या टॅबवर काही टाकायचंच असेल तर दीक्षा अ‍ॅप आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ उघडतो. वाचताना लक्ष उडतं त्याला तोच धडा बघून-ऐकून समजतो, पण तू शेजारी बसलेली हवीस. कुठल्याही अ‍ॅपमध्ये त्याचं नाव, फोटो, आजार भरू नकोस. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते, आणि त्याचे पालक फडावर आहेत.

पुढे डॉक्टरांनी गोळी सुरू केली तर घाबरू नकोस आणि आपल्या मनाने बंदही करू नकोस. या आजारावर वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट मनोप्रभावी औषधांच्या कायद्याखाली येतं, गावातल्या प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही. संपायच्या आधी आठ दिवस आजीच्या फोनवर आणि तुझ्याही फोनवर आठवण लावून ठेव. चिठ्ठीचा फोटो आईबापांच्या फोनवर असू दे. मध्येच ते लेकराला फडावर घेऊन गेले तरी तिथल्या डॉक्टरला काय चाललंय ते कळेल. कुणी अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून देतो म्हणून पैसे मागेल. 2016 च्या कायद्यात दिलेल्या 21 अपंगत्वांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही. अध्ययन अक्षमता सोबत असेल तर ती त्यात येते, पण ते सरकारी रुग्णालयानेच तपासून ठरवायचं.

आजीसाठी एक नंबर लिहून ठेव: 14416. टेली मानस, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. हा नंबर मनाच्या त्रासातल्या कुणाही माणसासाठी आहे, आणि त्यात सांभाळणारीही आली. आजीला एकटीला नंबर लावायला सांगू नकोस. पहिल्या वेळी तू शेजारी बस, स्पीकर चालू कर आणि मग तिला बोलू दे. "माझ्याच्यानं आता होत नाही" हे तिने आजवर कुणाला सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. सुनेला सांगितलं तर सून काम टाकून परत येईल, आणि आगाऊ घेतलेली उचल फिटणार नाही.

इथल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. येत्या सोमवारी रजा टाक आणि त्याच्या आईबापांना फोनवर विचारून, आजीला आणि लेकराला घेऊन पहिल्या गाडीने ये. तोवर जेवढं झालं तेवढं रेकॉर्डिंग आण, लेकराच्या दोन वह्या आण, आजीसाठी पाण्याची बाटली आण. केसपेपरच्या रांगेत मी सकाळीच उभा राहतो, तुम्ही आलात की सरळ आत जाऊ.

तुझा मामा