कंटेनर, बंदर आणि सायबर सुरक्षा : एक पाठ

इयत्ता : ५ वी व पुढे
विषय : परिसर अभ्यास आणि गणित



नावड्याच्या मुलांना कंटेनर म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. तळोजा-कळंबोली रस्त्यावर ट्रेलर रोजच दिसतात. काही मुलांच्या घरचंच कुणीतरी ते चालवतं. पण त्या लोखंडी पेटीसोबत एक न दिसणारी गोष्टही प्रवास करते, ती म्हणजे माहिती. आजचा पाठ तिच्याबद्दल आहे.

१) कागदाकडून संगणकाकडे

आपल्या जवळचं न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. कोणती पेटी कुठे ठेवली, कोणत्या जहाजात चढवायची, कोणत्या ट्रेलरला आत सोडायचं, ही सगळी माहिती आता संगणकात असते. २०१६ पासून इथे कंटेनरवर आरएफआयडी टॅग लावून त्यांचा माग ठेवला जाऊ लागला. यामुळे वेळ वाचतो. पण संगणक बंद पडला तर? क्रेन धडधाकट असते, तरी नेमकी कोणती पेटी उचलायची हेच कळत नाही.

२) २७ जून २०१७

त्या दिवशी हेच घडलं. 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क त्यात सापडली. तिच्याच समूहाचं एक टर्मिनल न्हावा शेव्याला आहे. तिथलं काम ठप्प झालं आणि कंटेनर साचू लागले. भांडण कुठलं, हल्ला कुठे झाला आणि खोळंबा झाला आपल्या उरणला!

हा प्रोग्राम इतका का पसरला? मायक्रोसॉफ्टने त्यातल्या एका त्रुटीवर मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, पण ती न घेतलेले संगणक जगभर होते. शिवाय एका संगणकातून चोरलेला पासवर्ड वापरून तो दुसऱ्यात शिरत होता. पडद्यावर खंडणी मागितली जात होती, पण पैसे भरूनही माहिती परत मिळणार नव्हती.

मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

मग कंपनी सावरली कशी? तिच्या जाळ्याचा मूळ नकाशा जगभरच्या सर्व्हरवर होता आणि तो सगळीकडे पुसला गेला होता. फक्त घानामधली एक प्रत वाचली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! ती प्रत शेवटी विमानाने इंग्लंडला न्यावी लागली. मुलांना हा भाग फार आवडतो. त्यांना विचारा : प्रती इतक्या होत्या, मग वाचली एकच का? उत्तर त्यांनाच काढू द्या : बाकीच्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या.

३) कृती : कंटेनरचा नंबर तपासा

प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं, सहा अंक आणि चौकटीत एक शेवटचा तपासणी अंक असतो. उदा. सीएसक्यूयू ३०५४३८ – ३.

• अक्षरांच्या ठरलेल्या किमती : सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२.
• दहाही किमतींना क्रमाने १, २, ४, ८, १६ … ५१२ ने गुणा.
• बेरीज येते ६१८५. तिला ११ ने भागा. बाकी ३, म्हणजे नंबर बरोबर!
• आता ५ आणि ४ ची अदलाबदल करा. बाकी १ येते. चूक लगेच पकडली गेली.

(बाकी १० आली तर तपासणी अंक ० धरतात.)

इथे एक गोष्ट आवर्जून सांगा. हा अंक माणसाची चूक पकडतो, लबाडी नाही. ज्याला हा हिशेब येतो तो खोटा नंबरही 'बरोबर' बनवू शकतो. म्हणून कुलूप वेगळं लागतंच.

४) घरासाठी स्वाध्याय

• घरातल्या सगळ्या खात्यांना एकच पासवर्ड आहे का?
• मोबाईलची अपडेट किती दिवस पुढे ढकलली आहे?
• महत्त्वाच्या कागदपत्रांची आणि फोटोंची एक प्रत, इंटरनेटला न जोडलेली, कुठे ठेवली आहे?
• ऑनलाइन फसवणूक झालीच तर १९३० हा नंबर घरात सगळ्यांना पाठ आहे का?

पालकहो, ही उत्तरं वहीत लिहून पाठवायची नाहीत. मुलांसोबत बसून जिथे 'नाही' येईल तिथे त्याच दिवशी दुरुस्ती करायची. एवढं झालं तरी हा पाठ पूर्ण झाला असं समजूया.