हाताच्या कामाचे मोल : जत्रेतील पाल आणि ऑनलाइन पेठ

विद्यार्थी मित्रहो, नफातोट्याची उदाहरणे आपण वर्गात सोडवितो. त्यांतील दुकानदार शंभर रुपयांस वस्तू घेतो, एकशे वीस रुपयांस विकतो आणि उदाहरण संपते. परंतु जो मनुष्य वस्तू विकत न घेता आपल्या हातांनी घडवितो, त्याची ‘खरेदी किंमत’ कोणती? हा प्रश्न गणिताच्या पुस्तकात क्वचितच येतो. कारागिराच्या घरी मात्र तो रोज उभा असतो, आणि त्याचे उत्तर चुकले की पुढची पिढी ती कला सोडून देते. म्हणून ह्या विषयाचा थोडा अभ्यास करण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणासाठी आपण सावंतवाडीस जाऊ. गोव्यातील पेडणे, डिचोली व सत्तरी हे तालुके एकेकाळी सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. तेव्हा हे गाव आम्हां गोवेकरांस परके नाही. तेथील चितार आळीत लाकडी फळे, खेळणी, रंगविलेले पाट व तबके आजही मांडलेली दिसतात. तेथली गंजिफा तर विख्यातच आहे. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी एकूण १२० वाटोळी पाने हाताने रंगवावी लागतात. छापील पत्ते आल्यावर ही कला लयास जाऊ लागली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी ह्या राजदांपत्याने जुन्या जाणत्या चिताऱ्याच्या साहाय्याने तिचे पुनरुज्जीवन केले आणि राजवाड्यात तिचे काम सुरू झाले. कला अशी वाचते. परंतु ती टिकावयाची तर कलावंताचा चरितार्थ तिच्यावर चालला पाहिजे.

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एक चितारी लाकडी तबक रंगवितो. लाकूड, रंग व रोगण मिळून ८० रुपये लागतात. कामास चार तास लागतात व तासाची मजुरी ८० रुपये धरली, तर मजुरी ३२० रुपये होते. हत्यारांची झीज, दिवाबत्ती आणि बिघडलेला माल ह्यांपोटी ४० रुपये धरू. म्हणजे तबकाची घरातली किंमत ४४० रुपये झाली. पुष्कळ घरांत येथेच चूक होते. ‘काम घरचेच आहे’ असे म्हणून मजुरी मांडलीच जात नाही. केवळ सामानाचे ८० रुपये खर्च समजून दोनशे रुपयांस तबक दिले जाते आणि त्याला नफा म्हणतात. तो नफा नव्हे. चार तासांच्या कष्टांचे ते अपुरे वेतन होय.

आमच्या कोकणी घरांत जिला ‘फेरी’ म्हणतात, ती जत्रेतील दुकानांची रांग ही विक्रीची जुनी जागा. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत किंवा पणजीच्या लोकोत्सवात गिऱ्हाईक वस्तू हातात घेते, उलटून पाहते, कारागिराशी दोन शब्द बोलते. हा लाभ मोठा आहे. पण समजा, तीन दिवसांचे पालाचे भाडे ३००० रुपये आणि प्रवास व जेवणखाण १८०० रुपये झाले. हे ४८०० रुपये विकल्या गेलेल्या नगांवर वाटावयाचे. चाळीस तबके खपली, तर नगामागे १२० रुपये चढतात व किंमत ५६० होते. वीसच खपली, तर २४० चढतात व ती ६८० होते. सकाळी भवानी झाली म्हणून हुरळून जाऊ नये. हिशेब पाल उठल्यावरच कळतो. आणि ५६० च्या तबकावर कोणी घासाघीस करून शंभर रुपये कमी करविले, तर ते शंभर भाड्यातून कमी होत नाहीत, लाकडातूनही नाहीत. ते मजुरीतून जातात, आणि ८० रुपयांचा तास ५५ वर येतो.

ऑनलाइन पेठेत पालाचे भाडे नाही, म्हणून ती स्वस्त वाटते. तेथील खर्च निराळे आहेत. समजा, बांधणीस ४५ रुपये, टपालास ७५ रुपये आणि पेठेची दलाली विक्रीच्या शेकडा १५ आहे. जत्रेतीलच ५६० रुपये किंमत ठेवली, तर दलालीचे ८४ व बांधणी-टपालाचे १२० वजा जाऊन हाती ३५६ उरतात. म्हणजे ४४० पेक्षा ८४ कमी! तूट न येण्यासाठी तेथे सुमारे ६६० रुपये किंमत हवी. एकाच कारागिराच्या दोन किमती दिसल्या, तर गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो. म्हणून दोन्ही ठिकाणी झेपेल अशी एकच किंमत ठरवावी. ती ७०० ठेवली, तर चाळीस नग खपलेल्या जत्रेत नगामागे १४० आणि ऑनलाइन विक्रीत ३५ रुपये खरा नफा उरतो.

मग कोठे काय विकावे? लहान, स्वस्त, पाहताक्षणी मुलांच्या मनात भरणारी वस्तू जत्रेत खपते. तिच्यावर टपालाचा भार सोसत नाही. उलट गंजिफेच्या पूर्ण संचाचा रसिक एखाद्या गावात एकही नसेल, पण देशभरात तो विखुरलेला असतो. त्याला गाठण्यास ऑनलाइन पेठच हवी. ह्या दोन वाटा एकमेकींच्या वैरिणी नसून पूरक आहेत.

दूरच्या गिऱ्हाइकाला वस्तू चाचपून पाहता येत नाही. म्हणून तेथे सचोटीला अधिक मोल आहे. छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे, लांबीरुंदी लिहावी, आणि हातकामामुळे दोन नगांत थोडा फरक राहील हे आधीच सांगावे. पैसे घेताना स्वतःही सावध असावे. यूपीआयने पैसे स्वीकारण्यास गुप्त पिन कधीच द्यावा लागत नाही. तो मागणारा मनुष्य ठक समजावा. कायद्याचीही थोडी माहिती हवी. १ ऑक्टोबर २०२३ पासून, ठरावीक उलाढालीच्या आतील लहान विक्रेत्यास आपल्या राज्यापुरता माल ऑनलाइन पेठेतून विकण्यासाठी जीएसटीची पूर्ण नोंदणी करावी लागत नाही; केवळ नावनोंदणी पुरते.

मित्रहो, तुमच्यापैकी काहींच्या घरी मातीचे, वेताचे, लाकडाचे किंवा विणकामाचे काम चालत असेल. आईवडिलांच्या हातांत कसब आहे. तुमच्या हातांत लेखणी आहे. एक साधी वही घ्या. तीत सामान, तास, भाडे, टपाल आणि दलाली ह्यांचे रकाने आखा, आणि तासांचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. ज्यांच्या घरी असे काम नाही, त्यांनी जत्रेत भाव पाडून मागण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : ‘मामा, ह्याला किती वेळ लागला?’ उत्तर ऐकल्यावर मनातल्या मनात हिशेब करावा आणि मग योग्य वाटेल ते मोल द्यावे.