सोपी वाट आणि विरळ हवा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की हल्ली दवाखान्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "डॉक्टर, मुलांना घेऊन हिमालयात चाललोय. ट्रेक सोपा आहे म्हणतात. काही गोळ्या न्यायला हव्यात का?" पूर्वी आपल्याकडची मंडळी महाबळेश्वर, फार तर काश्मीर पाहून येत. आता आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर उत्तराखंडातील दयारा बुग्यालसारख्या ठिकाणी चालायला जाते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र 'सोपा' हा शब्द पायांपुरता खरा असतो. फुप्फुसांना तो लागू पडेलच असे नाही.

बुग्याल म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर लागणारे उंचावरचे गवताळ पठार. दयारा हे उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. रैथल किंवा बारसू या गावांतून जंगलातली सुमारे आठ किलोमीटरची वाट चढून तिथे पोहोचता येते. वाटेत कडे नाहीत, दोर लावण्याचे काम नाही. वर मऊ गवत, चरणारी गुरे आणि समोर बंदरपूंछ, श्रीकंठ ही शिखरे. मी स्वतः तिथे चाललो आहे. दहा वर्षांचे मूल सहज चालेल अशी ती वाट आहे. पण हे पठार सुमारे ३,००० ते ३,६०० मीटर उंचीवर पसरले आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाई शिखर १,६४६ मीटर आहे, म्हणजे ही उंची त्याच्या जवळपास दुप्पट झाली.

विरळ हवेत होते काय?

हवेतील प्राणवायूचे प्रमाण वरही २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे ३,५०० मीटरवर प्रत्येक श्वासात आपल्याला समुद्रसपाटीच्या मानाने दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. शरीर श्वासाचा वेग वाढवून जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. आपण ती सवड दिली नाही, तर साधारण २,५०० मीटरच्या वर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखू लागते. मळमळ, अन्नावर वासना नसणे, चक्कर, थकवा आणि रात्री झोप न लागणे ही पुढची लक्षणे.

याचा मोठा अभ्यास आपल्याच लष्करी डॉक्टरांनी केलेला आहे. उंचावर नेलेल्या १,९२५ जवानांवरील त्यांचा शोधनिबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. त्रास झालेले ते जवान तरुण आणि धडधाकट होते, हे ध्यानात घ्या. रोज जिमला जाणाऱ्याला हा त्रास होत नाही, हा समज चुकीचा आहे. उलट दमदार मुले भराभर चढतात आणि संध्याकाळी तीच डोके धरून बसतात.

लहान मूल 'डोके दुखते' असे नेमके सांगत नाही. ते किरकिर करते, खेळत नाही, जेवण ढकलून देते. उंचावर गेल्यावर असे झाले, तर दुसरे कारण सापडेपर्यंत विरळ हवेचाच त्रास समजावा.

पथ्य सोपे आहे

१. हळू चढा. डेहराडूनहून निघाल्यावर पहिला मुक्काम रैथल-बारसूला, सुमारे २,२०० ते २,३०० मीटरवर करा. दुसरा वाटेतील जंगलात करा. पठारावर दिवसा फिरा आणि झोपायला खाली या. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास मनाई केली ती गवत वाचवण्यासाठी. प्रकृतीलाही तेच हिताचे आहे.

२. ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. विमानाने थेट लेहला, म्हणजे ३,५०० मीटरवर उतरलात, तर पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्या.

३. डोके दुखू लागले की पुढे चढू नका. विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉल द्या. त्रास वाढला तर खाली उतरा, मग रात्र असो वा पैसे भरलेले असोत.

४. बसल्या जागी धाप लागणे, खोकला, गुलाबी फेस, बोलण्यात गोंधळ, सरळ रेषेत चालताना तोल जाणे ही धोक्याची लक्षणे आहेत. फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचू लागल्याची ती खूण असू शकते. अशा माणसाला ताबडतोब खाली न्या. एकट्याला पाठवू नका.

५. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. असेटाझोलामाइड ही गोळी उपयोगी आहे, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची अॅलर्जी असल्यास तसे आवर्जून सांगा.

६. सुती कपडे आणि जीन्स भिजल्या की अंगातली ऊब शोषून घेतात. लोकरीचे कपडे व रेनकोट पाठीवरच्या पिशवीत असू द्या. जून २०२४ मध्ये याच भागातील, पण अधिक उंचावरच्या सहस्रतालच्या वाटेवर बिघडलेल्या हवेत कर्नाटकातील नऊ जण दगावले. ऊनही वर प्रखर असते, तेव्हा टोपी आणि गॉगल विसरू नका.

जाण्यापूर्वी कोणी तपासून घ्यावे?

हृदयविकार, दमा, रक्तदाब आणि मधुमेह असणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना भेटावे. इन्सुलिन गोठले की निकामी होते. ते अंगावरच्या आतल्या खिशात ठेवावे. घरातल्या बायकांचे हिमोग्लोबिन एकदा पाहून घ्यावे. दम लागतो म्हणून ती माउली मागे राहते, आणि घरचे तिला सवय नाही म्हणून हसतात. बहुधा तिच्या रक्तातच कमतरता असते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात सिकलसेल पुष्कळ आढळतो. ज्यांना हा आजार आहे त्यांनी एवढ्या उंचीवर जाऊ नये. कमी प्राणवायूत तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात. जे नुसते वाहक आहेत त्यांना घरी काहीच त्रास नसतो, पण उंचावर त्यांच्यातील काहींच्या प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगडीखाली जोराची कळ आली की थांबू नका, खाली उतरून रुग्णालय गाठा. सिकलसेलची तपासणी सरकारी रुग्णालयात होते. सहलीचे आरक्षण करण्याआधी ती करून घेतलेली बरी.

एवढे सांभाळलेत तर खुशाल जा. मुलांना डोंगर दाखवावेतच. फक्त गट ठरवताना सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालावे.