तापणारा लॅपटॉप आणि इथ्रोचा सल्ला



आपल्यापैकी अनेकांनी घरातला, ऑफिसातला जुना लॅपटॉप सेवाकार्यासाठी दिला आहे. सातिवली परिसरातल्या पाड्यांवर ही यंत्रं शोभेला ठेवलेली नाहीत. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, वनहक्क दाव्याची कागदपत्रं, बारावीच्या मुलांचा अभ्यास, सगळं त्यांच्यावरच चालतं. अर्जाला मुदत असते. वीटभट्टीवर गेलेला बाप दिवसाची मजुरी बुडवून अंगठा द्यायला येतो आणि नेमका तेव्हाच पडदा काळा होतो. तो पुन्हा येऊ शकेलच असं नसतं. म्हणून या अंकातला पाठ लॅपटॉपच्या तापण्यावर.

लॅपटॉपचा प्रोसेसर अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठा नसतो, पण काम करताना साधारण 15 ते 45 वॅट वीज खातो आणि ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. ती उष्णता काढून नेणारा भाग म्हणजे हीटसिंक: प्रोसेसरवर बसणारी तांब्याची पट्टी, तिथून निघणारी चपटी नळी, आणि नळीच्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी, जिच्यातून पंखा हवा फेकतो.

खरं नवल त्या नळीत आहे. ती भरीव नसते. आत किंचित पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते. दाब कमी असल्यामुळे ते पाणी 100 अंशांच्या कितीतरी खालीच वाफ होतं. वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी, गरम टोकाकडे परतते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाखाली वाफेचे थेंब होतात, तोच प्रकार. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 मध्ये अशी नळी करून दाखवली.

ही नळी चेपून तिला बारीक चीर गेली, की पाणी उडून जातं. मग उरतो तो नुसता तांब्याचा पातळ पोकळ तुकडा. पंखा जीव तोडून फिरतो, पण त्याच्यापर्यंत उष्णता पोहोचतच नाही. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आधी वेग कमी करतो आणि 100 अंशांच्या आसपास यंत्र स्वतःहून बंद पडतं.

इथे निर्गमाचा 18 वा अध्याय आठवतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करीत बसला होता आणि लोक ताटकळत उभे होते. सासरा इथ्रो याने ते पाहिलं आणि जाणलं, की अशाने हाही थकेल आणि लोकही. त्याने मोशेला आणखी मेहनत करायला सांगितलं नाही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमून भार वाटून द्यायला सांगितलं. दृष्टांत फार ताणू नये, पण आपल्याकडे एखादी सेविका थकली की आपण तिला उत्साहाची भाषणं देतो. हे पंख्याचा वेग वाढवण्यासारखं झालं. नळी कोरडी आहे का, हे कोणी बघत नाही.

आता दुरुस्ती. लॅपटॉप तापतो म्हणजे हीटसिंकच गेला असं समजू नये. बहुतेक वेळा दोष धुळीचा असतो. पाड्यावर चुलीचा धूर आणि भट्टीची लाल माती मिळून जाळीवर चिकट थर बसतो. शिवाय मुलं लॅपटॉप गोधडीवर ठेवतात, त्याने खालची हवा अडते. तेव्हा आधी जाळी साफ करावी, वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी, पंखा फिरतो का पाहावं. एवढं करूनही यंत्र पाच-दहा मिनिटांत तापून मंद होत असेल आणि बाजूच्या झरोक्यातून येणारी हवा मात्र गारच लागत असेल, तर नळीवर संशय घ्यावा. काही दुकानदार अशा वेळी सरळ ‘मदरबोर्ड गेला’ म्हणतात. यंत्र भंगारात देण्याआधी ही झरोक्याची परीक्षा जरूर करावी.

नवा हीटसिंक घेताना मॉडेलच्या नावावर विसंबू नये. एकाच मॉडेलमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला आणि नसलेला, असे दोन प्रकार असतात आणि त्यांचे हीटसिंक वेगळे. जुन्या भागावरच्या चिठ्ठीतला क्रमांक जुळवावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे सुटे भाग मिळतात. ग्रँट रोड स्टेशनला उतरावं आणि जुना भाग पिशवीत घेऊनच जावं.

काम करताना चार्जर काढावा, झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची वायर सोडवावी. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबावं, तिला टोचू-दाबू नये. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुधा 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले असतात; सोडवताना उलट्या क्रमाने, आवळताना सुलट्या. एक स्क्रू एकदम घट्ट करू नये, सगळे थोडेथोडे आवळावेत, नाहीतर प्रोसेसरची चिप तडकू शकते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसावी. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. तूप लावल्यासारखी थापू नये. ती फक्त दोन पृष्ठभागांमधली बारीक हवा भरून काढायला असते. शेजारच्या चिपांवर मऊ पॅड असतील तर त्याच जाडीचे परत लावावेत. पंख्याची वायर जोडल्याशिवाय झाकण बंद करू नये.

लॅपटॉप देणाऱ्यांना एक विनंती. तो ‘गरम होतो’ म्हणून देत असाल तर तसं चिठ्ठीवर स्पष्ट लिहा, लपवू नका. चार्जर सोबत द्या. आणि जमल्यास सुट्या भागासाठी थोडी रक्कम; अनेकदा नव्या यंत्राच्या देणगीपेक्षा तिचा उपयोग लवकर होतो.

काढलेली जुनी नळी आम्ही टाकत नाही. करवतीने कापून मुलांना दाखवतो. आतलं खरखरीत अस्तर बोटाने चाचपताना सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘ताई, पाणी कुठे गेलं?’