पानांवर आकडे घातलेली वही

परवा रविवारी तू आलीस, चहा पुढ्यात ठेवून नुसती कपाकडे बघत बसलीस. आणि निघताना, चपला घालता घालता दारातच म्हणालीस, "मावशी, सोमवारी वापी-अंकलेश्वरची टूर आहे, आणि सोबत तोच आहे." नाव तू घेतलं नाहीस, मीही विचारलं नाही. पण रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. जिन्यात उभं राहून दोन शब्दांत सांगण्यासारखं हे नव्हतं, म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

औषध कंपनीच्या क्वालिटी खात्यात माझी ३४ वर्षं गेली. मरोळच्या एमआयडीसीत ऑफिस. मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून ३४० नंबरच्या बसने अंधेरीच्या दिशेला, हा रोजचा रस्ता. कच्चा माल पुरवणाऱ्यांचे कारखाने तपासायला महिन्यातून एखादी फेरी तरी व्हायचीच. बोईसर, वापी, दमण, अंकलेश्वर. जोडीला बहुतेक वेळा पर्चेसचा माणूस. पहिल्या टूरच्या आदल्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "टूरवर दोघं गेलात की तिथे दोघं मिळूनच ऑफिस असतं. इथे काही बिनसलं तर बघायला चाळीस माणसं असतात. तिथे कोणी नसतं. म्हणून साक्षीदार आधी तयार करून ठेवायचा." साक्षीदार म्हणजे काय, हे मला हळूहळू कळत गेलं. आज तुला जे देते आहे ते मूळचं त्यांचं आहे.

आधी एक सावधगिरी तुझ्यासाठीच. माणूस कामचुकार आहे असं ठरवण्यापूर्वी एकदा, एकटं गाठून, सरळ विचार. नव्वदीच्या सुरुवातीला एका टूरवर माझा सहकारी दर तासाला गायब व्हायचा. भर ऑडिटमध्ये उठून जायचा आणि वीस मिनिटांनी घामाघूम होऊन परत यायचा. दुपारपर्यंत माझ्या मनात त्याच्याविरुद्ध अख्खी तक्रार लिहून झाली होती. चहाच्या वेळी विचारलं तेव्हा कळलं, बायको बाळंतपणासाठी हॉस्पिटलात आणि हा गेटबाहेरच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रांग लावून घरी फोन करत होता. रात्री ११ नंतर पाव दर लागायचा, पण त्याला तेवढा धीर कुठला! मी त्याला दुपारच्या गाडीनेच परत पाठवलं आणि उरलेलं काम एकटीने संपवलं. न विचारता मी ऑफिसात बोलले असते तर त्या माणसाचं किती नुकसान झालं असतं, हे आठवलं की अजून मला वाईट वाटतं. म्हणून आधी विचार. उत्तर ऐकून मगच मत बनव.

पण तू सांगितलंस त्यावरून तुझ्या माणसाचं तसं दिसत नाही. तेव्हा पुढचं ऐक.

निघण्यापूर्वी कामाची वाटणी लिहून घे. कागदपत्रं कोण बघणार, गोदाम कोण बघणार, रिपोर्ट कोण लिहिणार, गाडी कोणी ठरवली, कोणत्या वेळेला कुठे भेटायचं. चार ओळींची मेल त्याला पाठव आणि साहेबांना प्रत ठेव. यात त्याच्याविरुद्ध एक अक्षर नको. साधी कामाची मेल. पण सोमवारी तो म्हणाला की "गोदाम तर तुझ्याकडे होतं," तर ती मेल तुझ्या बाजूने बोलेल.

आता वेळेचं. अंकलेश्वरला एकदा आमची सकाळी १० ची मीटिंग. माझा सोबती आदल्या रात्री सप्लायरच्या माणसांबरोबर बाहेर गेला होता. दहाला तो आलाच नाही. मी हॉटेलवर फोन केला, पाच मिनिटं थांबले आणि काम सुरू केलं. हजेरीचा कागद फिरला, सगळ्यांनी सही करून वेळ टाकली, मीही १०.०५ टाकली. स्वारी पावणेबाराला उगवली. कागद पुढे ओढला आणि माझ्या सहीच्या खाली सही करून वेळेच्या रकान्यात पेन टेकवलं. १० लिहायला एकचा आकडा काढलासुद्धा. मी हळूच म्हटलं, "वेळ आत्ताची टाका." तो माझ्याकडे बघत राहिला. समोर सप्लायरचे तिघं बसले होते. मी आवाज चढवला नाही, कारणही दिलं नाही. त्याने तो एक तसाच ठेवून पुढे ११.४५ करून टाकलं. तो कागद फाइलला लागला. मला कोणाला काही सांगावं लागलं नाही.

आपल्या धंद्यात शिकवतात ना, ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही. बॅच रेकॉर्डमध्ये चुकलं तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. एक आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख, खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. माणसांच्या बाबतीतही मी हेच केलं. रोज रात्री झोपण्यापूर्वी वहीत दहा ओळी. फक्त काय घडलं आणि किती वाजता. 'तो बेजबाबदार आहे' असं लिहायचं नाही, 'सकाळी ११.४५ ला आले' असं लिहायचं. 'उद्धट बोलला' नको. जे शब्द बोलला ते शब्द लिही. विशेषणांवर समोरचा वाद घालू शकतो, घड्याळावर नाही. आणि त्या वहीत स्वतःची चूकही तशीच लिहायची. एकदा गेटपास हॉटेलवर विसरून मी सगळ्यांचा अर्धा तास खाल्ला होता. तेही लिहिलेलं आहे.

सप्लायरच्या समोर त्याच्याशी भांडू नकोस. तो तुला सगळ्यांच्या देखत "मॅडम नवीन आहेत, त्यांना अजून शिकायचंय" म्हणेल. म्हणू दे. तू पुढचा प्रश्न विचार. तुमचं दोघांचं पटत नाही हे समोरच्याला कळलं की तो त्या फटीतून बोट घालतो. जेवताना हसत हसत त्याच्याविषयी काढून घ्यायला बघतो. तिथे हसण्यात सामील व्हायचं नाही. "ते आमचे सीनियर आहेत" एवढं बोलून भाजी वाढून घ्यायची.

पण शेरा बदलू नकोस. हे मात्र ठाम. एका गोदामात तीन ड्रमांवर लेबल नव्हतं. पर्चेसवाल्याने बाहेर नेऊन मला समजावलं की माल तातडीने हवाय, हे 'किरकोळ'मध्ये टाक, त्यांनी दिवाळीलासुद्धा आपली किती आठवण ठेवली होती. मी म्हटलं, "किरकोळ की गंभीर ते साहेब ठरवतील. मी तीन ड्रम लिहिते, कारण मी तीन मोजले." बिनलेबलच्या ड्रममधली पावडर शेवटी कोणाच्या तरी गोळीत जाते. घाटकोपरच्या एखाद्या केमिस्टकडून ती आपल्याच घरात येते. ते आठव, मग अवघड वाटत नाही.

दमणचं मी कोणालाच फारसं सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तुझी गाडीही त्याच बाजूला जाणार. गुजरातमध्ये १९६० साली राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. दमण पोर्तुगीजांकडून १९६१ च्या डिसेंबरात आलं, ते गुजरातचं नाही, तिथे दुकानं उघडी. आणि दमणहून वापी स्टेशनला यायचं तर मधे गुजरातची हद्द लागतेच. जेमतेम दहा-बारा किलोमीटरचा रस्ता, पण त्यावर गाड्या तपासतात. आम्ही कारखान्यातून निघालो होतो, भाड्याची अँबॅसेडर, संध्याकाळची गाडी निघून गेली तर बोरिवलीला उतरायला मध्यरात्र होणार होती. सोबत्याने गाडी थांबवली, दोन बाटल्या घेऊन आला आणि एक माझ्यापुढे धरली. "तुझ्या बॅगेत ठेव. बाईमाणसाची बॅग कोणी उघडत नाही."

माझ्या मांडीवर सॅम्पलची बॅग होती. आत सीलबंद पिशव्या, प्रत्येकीवर बॅच नंबर आणि माझी सही. मी बॅगेवर हात ठेवला आणि म्हटलं, "यात सॅम्पल आहेत. यात दुसरं काही जाणार नाही." तो हसला, मग चिडला, मग म्हणाला की मग माझ्याच बॅगेत ठेवतो, तुझं काय जातं? मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगून उतरले. कारण पकडलं तर गाडीतल्या सगळ्यांनाच खाली उतरवतात, गाडीसुद्धा अडकते, आणि त्या बाटल्या कोणाच्या हे सिद्ध करत मला ठाण्यावर बसावं लागलं असतं. बिचाऱ्या ड्रायव्हरला मी तसं स्पष्ट सांगितलं. त्याने दार उघडून त्या माणसाला म्हटलं, साहेब, तुम्हीपण उतरा. शेवटी बाटल्या दुकानात परत गेल्या. मी मात्र तोवर रिक्षा केली होती. ऐन रस्त्यावर, हातात बॅग, अंधार पडत आलेला. हात कापत होते माझे. पण पाय मागे घेतला नाही.

यातून एक लक्षात ठेव. नाही म्हणताना वाक्य छोटं ठेवायचं आणि कामाचंच कारण द्यायचं. त्याला उपदेश करायला गेलीस की तो तुझ्याशी वाद घालेल. सॅम्पलच्या बॅगेशी कोणी वाद घालत नाही. आणि कुठून कुठपर्यंत रिक्षा मिळते, शेवटची गाडी कितीची, हे आधी बघून ठेव. परतीचं तिकीट तुझं तुझ्या मोबाइलमध्ये हवं, आणि हजार-दोन हजार रोख वेगळ्या कप्प्यात.

पैशांचं थोडक्यात. बिल एकत्र करू नकोस. तुझ्या जेवणाची, तुझ्या रिक्षाची पावती तुझ्याकडे. त्याच्या व्हाउचरवर 'दोघांचं जेवण' असेल आणि तू जेवली नसशील, तर सही करू नकोस.

रात्रीचं नीट ऐक. उद्याच्या कामाचं बोलायचं तर खाली लॉबीत, उजेडात. "फाइल घेऊन खोलीत ये" म्हणाला तर "मी लॉबीत बसते, तुम्ही या," एवढंच. रात्री दहानंतर त्याचा फोन उचललाच पाहिजे असं काही नाही. मेसेजला सकाळी उत्तर दे. आणि त्याने हद्द ओलांडली, बोलण्यात, स्पर्शात, मेसेजमध्ये, तर ते 'टूरवर झालं' म्हणून सोडून द्यायचं नाही. आमच्या वेळी आम्ही सोडून देत होतो. दाद मागायची कोणाकडे, तेच ठाऊक नव्हतं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला, २०१३ मध्ये कायदा झाला. त्या कायद्यात कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा, आणि तिथे जायला कंपनीने दिलेली गाडीसुद्धा, कामाचं ठिकाणच धरलेली आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीत अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिची अध्यक्ष बाईच. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत. रास्त कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तुझ्या ऑफिसात समितीवर कोण आहे त्यांची नावं शुक्रवारीच बघून ठेव. लागणार नाहीत अशी मी प्रार्थना करते, पण नावं माहीत असू देत.

परत आल्यावर मेट्रोत बोलू नकोस. आम्हाला ती सोय नव्हती, २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा माझ्या नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. पण चकाला ते घाटकोपर त्या डब्यात निम्मी माणसं आपल्याच धंद्यातली असतात, आणि फोनवर बोलणाऱ्या मुलीचं वाक्य दोन दिवसांत दुसऱ्या ऑफिसात पोचलेलं मी पाहिलं आहे. मन मोकळं करायचं तर मुलुंडला ये. ऑफिसात बोलायचं ते साहेबांशी, दार लावून, एका पानावर: काय झालं, किती वाजता, त्याने कामाचं काय नुकसान झालं, पुढच्या टूरला तुला काय हवं. शेवटचा मुद्दा विसरू नकोस. 'त्याला काढा' ही मागणी साहेब टाळतात. 'पुढचं ऑडिट दुसऱ्या कोणाबरोबर द्या' याला त्यांना उत्तर द्यावं लागतं.

सोमवारी बोरिवलीला गाडीच्या वीस मिनिटं आधी पोच. तो आला नाही तरी गाडीत बस, आणि "मी गाडीत बसले आहे" एवढा मेसेज त्याला आणि साहेबांना, दोघांना, कर. दशम्या आणि चटणी आईला करायला सांगितली आहे. वापीला उतरलीस की मला एक फोन कर, कितीही वाजले तरी.

आणि या पत्रासोबत एक कोरी वही पाठवते आहे. ९६ पानी, शिवलेली, पान फाटलं तर कळेल अशी. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी पानांवर आकडे घातले आहेत, निळ्या बॉलपेनने. पहिल्या पानावर तारीख घातलेली नाही. ती तू घाल.