कापड काढून ठेव

अगं, परवा तू विचारलंस, "ताई, स्तनाचं ऑपरेशन झालं, किमो झाली, शेकही संपला, मग आता रडू का येतंय?" खरं सांगू का, ते आत्ताच यायचं. बारामती-पुणे फेऱ्या, रिपोर्ट, पैशांची जुळवाजुळव, यात रडायला सवड कुठं होती? आता घरचे म्हणतात, सुटलो एकदाचे. आणि तू आंघोळीला गेलीस की आरशावर टॉवेल टाकतेस. मीही टाकायचे. एका रात्री मात्र ह्यांना व्रण दाखवला, तोंड फिरवतील असं धरूनच. हे म्हणाले, "अजून दुखतंय का?" सगळ्यांचे नवरे असे नसतात, कबूल. पण विचारायच्या आधीच आपण उत्तर ठरवून बसतो बघ.

ब्लाउजचं म्हणशील तर माझी फजिती ऐक. जखम भरल्यावर पालखी आली, तेव्हा बेलवाडीच्या रिंगणाला गेले. ब्लाउजात नुसता कापूस कोंबलेला. अश्व धावला, मी हात वर करून जोडले आणि कापूस सरकून थेट गळ्याशी! पदर आवळून उभी राहिले झालं. मागून कळलं, हलकं काही जागेवर राहत नाही, त्याला वजन लागतं. मग सुती पिशवीत कापसाबरोबर मूठभर मोहरी शिवली आणि ब्लाउजला आतून कप्पा लावला. खांदे सारखे दिसले तशी नणंदेच्या हळदीकुंकवालाही जाऊन आले. शिवायचा कंटाळा असेल तर 'निटेड नॉकर्स' म्हणून गट आहे, तिथल्या बायका असा कृत्रिम स्तन दोऱ्यानं विणून मोफत देतात.

हाताकडे मात्र लक्ष दे गं. काखेतल्या गाठी काढल्यात ना, त्या हाताला पाणी साठून सूज येऊ शकते. बांगडी घट्ट व्हायला लागली की डॉक्टरांना दाखव, "बघू दोन दिवस" नको. उसाची पात हात चिरते, तेव्हा शेतात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे.

सासूबाई "कुठलं पाप भोवलं" म्हणाल्या, ते मनावर घेतलंस होय? बार्शीला १९८७ पासून गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवतात, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी ती. त्यात उपासतापास करणाऱ्या, दिवसभर रानात राबणाऱ्या बायकाही असणारच. सगळ्यांनी पापंच केली का? आणि हो, तुझ्या पेल्यातलं पाणी पोरांनी प्यायलं तरी त्यांना काही होत नाही.

दोन आठवडे झोप नाही, घास उतरत नाही, असं झालं तर डॉक्टरांपुढं लाजू नकोस. जगणंच नकोसं वाटलं तर एक रात्रही थांबू नकोस. मला उठव, नाहीतर टेलिमानसला १४४१६ वर फोन लाव. रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

रविवारी इंदापूरहून येतेय. मोहरी मी आणते, तू कापड काढून ठेव, जुनं मऊ मलमलीचं. आणि चहा तूच कर, त्या हाताचा तेवढाच व्यायाम.