‘उठा’ म्हणजे बसा की उभे राहा?

चि. मनूस,


ब्रिटनमध्ये नर्स म्हणून जाण्यासाठी तू देणार आहेस त्या ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेची तारीख ठरल्याचं तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं. तू पाठवलेलं सरावाचं रेकॉर्डिंग मी नीट ऐकलं. औषधं, जखम, ताप, आहार यांबद्दल बोलताना तू कुठेच अडत नाहीस. अडखळतेस ती रुग्णाला बसवताना, वळवताना, पलंगावरून खाली उतरवताना. आणि वॉर्डात नर्सच्या तोंडी दिवसभर हीच वाक्यं असणार. म्हणून आज फक्त त्यांच्याविषयीच लिहिते.

आपल्या ‘उठा’मध्ये पुष्कळ काही सामावलेलं आहे. झोपेतून जागे व्हा, अंथरुणात बसते व्हा, उभे राहा, सगळ्याला आपण ‘उठा’ म्हणतो आणि समोरचा माणूस प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजी रुग्ण तसं ओळखणार नाही. आडवा पडलेला माणूस पलंगावरच बसता व्हायला हवा असेल तर ‘सिट अप’. पलंग सोडून उभं राहायचं असेल तर ‘गेट अप’. उभ्या माणसाने खुर्चीत बसायचं तर ‘सिट डाउन’, बसलेल्याने मागे रेलायचं तर ‘लाय बॅक’, कुशीवर वळायचं तर ‘रोल ओव्हर’. रेकॉर्डिंगमध्ये तू खुब्याचा सांधा बदललेल्या आजींना म्हणालीस, “यू कॅन गेट अप नाउ.” तुला म्हणायचं होतं की उशीला टेकून बसा, चहा आणलाय. त्या आजींनी तुझं ऐकून पाय खाली सोडले असते. चूक एका छोट्या शब्दाची, पण पडणार त्या असत्या. ‘झोपा’चंही असंच. डाव्या कुशीवर झोपा म्हणताना आपल्याकडच्या कितीतरी मुली ‘स्लीप’ म्हणतात. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं नसतं, आडवं व्हायला सांगायचं असतं. तिथे ‘लाय डाउन’ किंवा ‘लाय ऑन युअर लेफ्ट साइड’.

म्हणून ‘सिट’, ‘गेट’, ‘लाय’ हे सुटे शब्द अर्थासह पाठ करू नकोस. अप, डाउन, बॅक, ओव्हर यांच्यासकट पाठ कर, तेही पूर्ण वाक्यात. आपण ‘बाहेर ये’, ‘खाली उतर’ म्हणताना दिशा आधी सांगतो आणि क्रियापद मागून येतं. इंग्रजीत दिशा शेवटी येते आणि जोरही तिच्यावरच पडतो. ‘सिट’ हलकं, ‘अप’ ठळक. तू नेमकं उलट करतेस.

आता क्रियापदाच्या आधी येणारे कॅन, कुड, शुड, मस्ट. त्यांच्यामागे क्रियापद उघडंच राहतं, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. तरी घाईत ‘मस्ट टू गेट अप’ आणि ‘कॅन एबल टू सिट’ निसटतंच. ‘शी कॅन’ला एस का लागत नाही, असं तू लहानपणी विचारायचीस. कॅन, मे, शॅल यांची वर्तमानकाळाची रूपं मुळात जुन्या भूतकाळी रूपांतून आलेली आहेत. भूतकाळात ‘शी वेंट’ला एस लागत नाही, तसा त्यांनाही लागला नाही. हे कळलं की नियम डोक्यात पक्का राहतो, म्हणून सांगितलं.

पण नियमापेक्षा उच्चार जास्त घातक आहे. तू ‘कॅन’ ठासून म्हणतेस आणि ‘कॅण्ट’ही तसाच. दोन्हींत फरक उरतो तो शेवटच्या ‘ट’चा, आणि पुढे ‘गेट’ आला की तोही गिळला जातो. ड्युटी बदलताना तू “शी कॅन गेट अप” म्हणालीस आणि पुढच्या नर्सने ‘उठू शकत नाही’ असं ऐकलं, किंवा उलट झालं, तर काय होईल ते तुला सांगायला नको. ब्रिटनमध्ये साध्या वाक्यातला होकार आखूड आणि दबका असतो, जवळजवळ ‘कन्’, आणि नकार लांब, ‘कान्ट’. “शी कन् गेट अप.” “शी कान्ट गेट अप.” पहिल्यात जोर ‘अप’वर, दुसऱ्यात ‘कान्ट’वरही. निरोप महत्त्वाचा असेल तर या दोन शब्दांवर विसंबूच नकोस. “शीज अलाउड टू गेट अप” म्हण, नाहीतर “शीज नॉट टू गेट अप”. यात ऐकणाऱ्याची गफलत होत नाही.

नकाराचं दुसरं अंग याहून नाजूक आहे. “तुम्ही उठायला नको, मी पाणी आणून देते” हेही आपण म्हणतो आणि “आज तुम्ही उठायला नको, टाके ताजे आहेत” हेही. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात मनाई. आपल्या ‘नको’त दोन्ही मावतात, इंग्रजीत त्यांची वाक्यं वेगळी. “यू डोन्ट हॅव टू गेट अप, आय विल ब्रिंग इट ओव्हर” ही सवलत. “यू मसण्ट गेट अप” ही बंदी, आणि ‘मसण्ट’च्या स्पेलिंगमधला पहिला टी उच्चारायचा नाही. बंदीच्या जागी सवलत सांगितलीस तर रुग्ण म्हणेल, गरज नाही म्हणाली, पण मला जमतंय, आणि उठेल. मनाई करताना कारण सांग आणि पर्यायही दे: “प्लीज डोन्ट गेट अप ऑन युअर ओन, प्रेस द बेल.” वृद्ध माणसाला नुसत्या बंदीपेक्षा हे जास्त मानवतं.

आणि आदर. ‘वळा’, ‘बसा’ या रूपांतच आपण समोरच्याला मान देतो. म्हणून नुसतं ‘टर्न ओव्हर’ म्हणताना तुला काही खटकत नाही, पण तिथल्या आजोबांना तो हुकूम वाटेल. इंग्रजीत तो मान ‘कुड यू’ने द्यावा लागतो. “कुड यू रोल ओव्हर फॉर मी?” हा क्षमतेचा प्रश्न नाही, विनंती आहे. खरोखर जमतं का हे विचारायचं असेल तेव्हा “आर यू एबल टू सिट अप ऑन युअर ओन?” असं स्पष्ट विचार. बोलण्याच्या परीक्षेत तुला प्रत्येकी सुमारे ५ मिनिटांचे दोन रोल प्ले मिळतील. रुग्णाशी तू कसं वागतेस हेही तिथे पाहतात, आणि तुझं वागणं बरंचसं या छोट्या साहाय्यक शब्दांतूनच दिसणार आहे.

तिकडच्या नर्सेसच्या तोंडचे काही प्रयोग पुस्तकात सहसा भेटत नाहीत, ते आत्ताच ऐकून ठेव. “यू कन् कम थ्रू नाउ” म्हणजे बाहेर थांबलेल्या रुग्णाला आत बोलावणं. “कुड यू पॉप अप ऑन द काउच?” म्हणजे तपासणीच्या पलंगावर चढून बसा. तो काउच म्हणजे दिवाणखान्यातला सोफा नव्हे. “कुड यू शफल डाउन अ बिट?” म्हणजे पलंगावरच थोडं खाली सरका. हे शब्द हलकेफुलके वाटतात, पण घाबरलेल्या माणसाला त्यांनीच जरा सैल वाटतं. तू ते लगेच वापरू नकोस, आधी कानाला सवय होऊ दे.

वस्तूचं किंवा अवयवाचं नाव पुन्हा न घेता बोलायचं असेल तर ‘इट’ मधे घाल: “लिफ्ट इट अप”, “पुट इट डाउन”. ‘लिफ्ट अप इट’ नाही. घडून गेलेल्या गोष्टीसाठी “ही शुडन्ट हॅव गॉट अप”, म्हणजे उठायला नको होतं. पण रुग्ण पडल्याचा अहवाल लिहिताना हे वाक्य टाळ. त्यात दोष रुग्णावर जातो. काय पाहिलंस, कधी पाहिलंस, एवढंच लिही.

सराव बसून करू नकोस. स्वतः पलंगावर पड आणि ‘आय कन् सिट अप’ म्हणत बस. पाय खाली सोड, उभी राहा, मागे रेल, आणि प्रत्येक हालचालीला तिचं वाक्य मोठ्याने म्हण. आईला रुग्ण कर. तिला इंग्रजी थोडंच येतं, हे इथे उपयोगाचंच आहे. तू जे म्हणशील तेवढंच ती करेल, आणि चुकीचा शब्द गेला तर लगेच दिसेल.

रविवारपर्यंत खुब्याच्या आजींचा तोच प्रसंग पुन्हा रेकॉर्ड करून पाठव. मी आधी ‘कन्’ आणि ‘कान्ट’ तपासणार आहे, मग बाकीचं.

तुझी,
आत्या